खालच्या ओळीतले उंदीर

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज तीस उंदीर आले. पांढरे, लाल डोळ्यांचे, सगळे नर, सगळे सात आठवड्यांचे. गाडीत हादरे बसून घाबरले होते, कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते. दोघादोघांचे पंधरा पिंजरे केले, भुसा घातला, पाण्याच्या बाटल्या टांगल्या. दुपारपर्यंत निम्म्यांनी खायला सुरुवात केली. बाकीचे उद्या खातील.

ही वही मॅडमनी दिली. गेल्या प्रयोगात मी नोंदवहीत लिहिलं होतं, 'सात नंबरचा आज उदास वाटला.' वरच्या मजल्यावरचे रसायनवाले सर ते वाचून पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, नोंदवहीत वजन, तापमान, खाणं-पिणं एवढंच. मनातलं वेगळ्या वहीत लिहा. पण लिहा."

एकोणीस वर्षं प्राणीघरात काढली. लिहू नका असं सांगणारे पुष्कळ भेटले.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मॅडमनी प्रयोग समजावून सांगितला. त्यांची ही पद्धत मला फार आवडते. झाडणाऱ्यालासुद्धा कळलं पाहिजे की इथे काय चाललंय, असं त्यांचं म्हणणं.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा बहुतेक वेळा ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. ते घ्यायला दुसऱ्या पेशीवर बारीक बारीक दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यातलं एक दार विचित्र आहे. नुसता निरोप आला म्हणून ते उघडत नाही. ऐकणारी पेशीही त्याच क्षणी जागी असावी लागते. दोन्हीकडून एकदम जोर लागला तरच दार उघडतं, आणि ते उघडलं तर शिकलेलं टिकतं.

मी म्हणालो, "म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा, दोघंही वर्गात हजर पाहिजेत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे सांगायला मला पोरांपुढे अर्धा तास लागतो, काका."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य चघळत होतो.

आता औषधं. एक औषध ते दार बंद करून टाकतं, उंदीर शिकेनासा होतो. दुसरं नवं औषध रसायनवाल्या सरांनी चार वर्षं खपून तयार केलंय. ते शेजारच्या वेगळ्या दारावर काम करतं. मोठं दार बंद असतानाही थोडंफार शिकता यावं, अशी आशा. कोणाची आठवण आजाराने पुसली जात असेल तर पुढेमागे उपयोग होईल. दहा उंदरांना नुसतं मिठाचं पाणी, दहांना दार बंद करणारं, दहांना दोन्ही. लाल, निळ्या, पिवळ्या झाकणांच्या तीन बाटल्या, पिंजऱ्यावर त्याच रंगाची चिठ्ठी. कुठल्या रंगात काय आहे ते मॅडमनाही ठाऊक नाही. लिफाफा मोठ्या सरांच्या कपाटात, लाख लावून.

मॅडमनी पिंजरे कसे ठेवायचे त्याचा कागद दिला होता. त्यात सगळी सरमिसळ: लाल, पिवळा, निळा, परत पिवळा. घाईत केलं असणार. चुकून भलत्याला सुई जायची. मी रंगाप्रमाणे ओळी लावल्या. वर लाल, मध्ये निळे, खाली पिवळे. मॅडम फोनवर बोलत आत आल्या, रॅककडे बघून मान डोलावली. नीटनेटकं काम केलं की मलाच शांत झोप लागते.

शनिवार, १७ फेब्रुवारी

भिंतीपलीकडे पिंजरे धुण्याचं यंत्र आहे. सकाळी आठ ते नऊ चालतं. आज सहज खालच्या ओळीच्या फळीला हात लावला तर फळी थरथरत होती. वरच्या दोन ओळींना काही नाही. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, आपल्याला ऐकू येत नाहीत असे आवाज उंदरांना येतात. म्हणजे त्या बिचाऱ्यांच्या डोक्यात रोज तासभर काय होत असेल.

रॅक हलवता येत नाही, नळ आडवा येतो. तेव्हा यंत्र चालू असेपर्यंत खालचे पाच पिंजरे माझ्या खोलीत आणायचे ठरवलं. आज आणले. टेबलावर घोंगडी घातली, एकेकाला मांडीवर घेतलं, देवाचं नाव घेत पाठीवरून बोट फिरवलं. सुरुवातीला दगडासारखे आखडतात. मग पोट सैल सोडतात, आणि मग बाहीत नाक खुपसून बसतात. एकेकाला पाच मिनिटं.

त्यांना काय कळतं ते तोच जाणे. मला बरं वाटलं. हे मनातलं, म्हणून इथे.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

रोज चाललंय. आज प्रत्येकी सहा मिनिटं. कान फाटलेला एक आहे, तो पिंजरा उघडला की आपणहून हातावर चढतो.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आज पोहणं सुरू झालं. गोल हौद, माणूस आडवा झोपेल एवढा. पाण्यात दुधाची भुकटी घालून ते गढूळ केलेलं. पाण्याखाली दोन बोटं खोल एक छोटा चौथरा, उंदराला न दिसणारा. भिंतींवर कागदाचा त्रिकोण, चांदणी, जाड पट्टा. त्या खुणांवरून चौथरा कुठे आहे ते उंदराने लक्षात ठेवायचं. दिवसातून चार फेऱ्या. मिनिटभरात नाही सापडला तर मॅडम बोटाने वाट दाखवतात.

सुई मॅडम स्वतः देतात, दुसऱ्या कोणाला देऊ देत नाहीत. मान धरली, टोचली, सोडलं, उंदराला कळायच्या आत. तीस वेळा. पाठ दुखत असणार, त्यांचा मणका पूर्वी सरकलेला आहे. पण तिसाव्यालाही पहिल्याइतकीच हळू धरतात. मी एकोणीस वर्षांत पुष्कळ सुया बघितल्या. असा हात बघितला नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

लाल चिठ्ठीवाले सरळ चौथऱ्यावर जातात, दहा-बारा सेकंदांत. निळे काठाकाठाने गोल फिरत राहतात, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाणी बघतायत. पिवळे कालपर्यंत तसेच होते. आज कान फाटलेला मध्येच थांबला, चांदणीकडे बघितलं आणि वळला. चौदा सेकंद. मॅडमनी घड्याळ माझ्याकडे केलं, बोलल्या काही नाहीत. प्रयोगाच्या खोलीत त्या कधी बोलत नाहीत, उंदराला आवाजाची खूण मिळेल म्हणून.

बाहेर आल्यावर मात्र दोन जिने एका दमात चढून गेल्या.

शनिवार, २ मार्च

शेवटची परीक्षा. चौथराच काढून घेतला. आता उंदीर किती वेळ त्या जागेपाशी शोधतो ते बघायचं. पिवळे तिथेच घुटमळत राहिले, पुन्हा पुन्हा.

मॅडम म्हणाल्या, "नसलेल्या जागी शोधणं, हीच आठवण, काका."

मला माझ्या रोजच्या प्रार्थनेचं काहीतरी सुचलं होतं.

मंगळवार, ५ मार्च

लिफाफा फोडला. लाल म्हणजे मिठाचं पाणी. निळं म्हणजे दार बंद करणारं. पिवळं म्हणजे दोन्ही औषधं. म्हणजे नवं औषध चाललं. पिवळे जवळजवळ लालच्या बरोबरीने शिकले.

रसायनवाले सर एरवी कोणाला चांगलं म्हणायचे नाहीत. ते खाली येऊन प्राणीघराच्या दारात उभे राहिले. "काका, तुमच्या पोरांनी नाव काढलं." मोठ्या सरांनी केक आणवला. बाहेरची समिती पंधरा तारखेला येणार आहे. मॅडमनी तिच्यापुढे बोलायचं, आणि समितीला पटलं तर पुढची पाच वर्षं काम चालू.

मॅडमनी केकचा पहिला तुकडा मला दिला. मी म्हणालो, मी काय केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून मला पिंजऱ्यांकडे बघावं लागलं नाही."

गुरुवार, ७ मार्च

आज उंदरांना झोपवलं. मेंदूचे काप करायचे असतात. हे लिहायचं टाळत होतो, पण मॅडम म्हणाल्या होत्या लिहा.

मी नेहमी खोलीत थांबतो. कोणी सांगितलेलं नाही. ज्यांना खायला घातलं त्यांच्या शेवटाला पाठ फिरवावी हे मला जमत नाही. मनात प्रत्येकाला नमस्कार करतो. हे बरोबर की चूक, एकोणीस वर्षं देवाला विचारतोय. मॅडमही प्रत्येक वेळी क्षणभर हात थांबवतात. त्या देव मानत नाहीत. तरी थांबवतात.

सोमवार, ११ मार्च

मॅडम भाषणाची तालीम करत होत्या, ऐकायला आम्ही चौघं. चित्रं सुंदर. तिसऱ्या चित्रानंतर त्या म्हणाल्या, "औषधाचा फरक सोडला, तर तिन्ही गटांना सर्व बाबतींत सारखीच वागणूक देण्यात आली."



पुढचं काही ऐकलं नाही. खालची ओळ. टेबल, घोंगडी, माझी मांडी. सतरा फेब्रुवारी, अठरा, एकोणीस. एकट्या पिवळ्यांनाच.

टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

मंगळवार, १२ मार्च

कामावर गेलो, आलो. मॅडम दोनदा समोर आल्या. एकदा तोंड उघडलं आणि म्हणालो, भुसा संपत आलाय.

मनाशी वाद घालतोय. उंदराला पाच मिनिटं मांडीवर घेतल्याने मेंदूत काय फरक पडणार? औषध तयार करायला चार वर्षं लागली, माझ्या मांडीला काय लागलं? मग वाटतं, फरक पडत नसेल तर सांगायला भितो कशाला?

शिवणयंत्रावर ही कोणाचा तरी झगा उसवत होती. तिला सगळं सांगितलं.

"मला रोज जेवताना सांगत होतात, फाटक्या कानाचं असं आणि फाटक्या कानाचं तसं," ती म्हणाली. "मॅडमना नाही सांगितलंत?"

"ते कामातलं वाटलं नाही."

"अहो, कामाच्या वेळात, कामाच्या जागी, कामाच्या उंदरांना. मग कशातलं वाटलं?" तिने दोरा दाताने तोडला. "लेक शिकायला गेल्यापासून तुम्हाला मांडीवर काहीतरी लागतंच. परवा शेजारणीचं मांजर घेऊन बसला होतात."

हिचं काहीतरीच. यंत्राच्या आवाजाचा आणि लेकीचा काय संबंध.

"सांगितलं तर मॅडमचं सगळं मोडेल," मी म्हणालो.

"आणि नाही सांगितलं तर?"

 ती उसवतच राहिली.

बुधवार, १३ मार्च

सांगितलं. सकाळी सव्वानऊला, त्यांच्या खोलीत, उभ्यानेच. त्यांनी बसा म्हटलं, पण बसवेना.

मॅडम सगळं ऐकेपर्यंत हलल्या नाहीत. मग खिडकीपाशी गेल्या. बाहेर सायकलींच्या छपराखाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं, ते बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा ओरडतील. दोन्हीची तयारी करून आलो होतो.

वळून म्हणाल्या, "कुठल्या दिवशी किती मिनिटं, आठवतंय?"

मी म्हणालो, लिहिलेलं आहे. तुम्ही दिलेल्या वहीत.

त्यांनी हात पुढे केला. मी दचकलो. ह्या वहीत त्यांच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते एकदम डोळ्यांसमोर आलं. म्हणालो, मॅडम, वही खासगी आहे, आकडे उतरवून देतो. तेव्हा त्या थोड्या हसल्या. अशा वेळी हसल्या.

तासाभरात कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "पोहण्याच्या दिवसांतही घेत होतात?"

"हो. सकाळी. सुईच्या आधी."

"बरं झालं लिहिलंत." मग म्हणाल्या, "मी पिंजरे मिसळून ठेवायला सांगितले होते, ते ह्याचसाठी, जागेचा फरक सगळ्या रंगांत सारखा वाटला जावा म्हणून. का, ते तुम्हाला सांगितलं नाही. बाकी सगळं समजावलं आणि हेच राहिलं. आणि रोज त्या खोलीत येत होते मी. रॅक मलाही दिसत होता."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मोठ्या सरांना फोन लावला. म्हणाल्या, "सर, पंधरा तारखेला मला जे दाखवायचं होतं ते दाखवता येणार नाही." चूक कोणाची ते त्यांनी विचारलं असणार, कारण ह्या म्हणाल्या, "माझी."

गुरुवार, १४ मार्च

मोठ्या सरांचा आवाज दोन खोल्या पलीकडे ऐकू येत होता. एवढ्या बारीक गोष्टीसाठी समिती परत पाठवायची का, असं काहीतरी. मॅडमचा आवाज आलाच नाही. त्या हळू बोलतात.

शेवटी असं ठरलं की समिती येईल, मॅडम काय घडलं ते तसंच सांगतील आणि पुन्हा प्रयोग करायला दोन महिने मागतील.

जिन्यात रसायनवाले सर भेटले. मी बाजूला झालो. ते थांबले.

"काका, माझी चार वर्षं आणि तुमची मांडी. कोण जिंकलं ते आता मोजावं लागणार."

"सर, मला माफ..."

"नको. तुमची मांडीच बाटलीत भरून विकू. दर चांगला येईल."

चेहरा मात्र उतरला होता. रात्रभर झोपले नसावेत.

शुक्रवार, १५ मार्च

समितीने वेळ दिला. मॅडमनी माझा कागद भिंतीवर मोठा करून दाखवला म्हणे, तारखांसकट. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कसं सापडलं? मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी केलं त्यांनी सांगितलं."

चपराशाने मला हे सांगितलं तेव्हा मी पिंजरे घासत होतो. बराच वेळ तोच पिंजरा घासत राहिलो.

मंगळवार, २ एप्रिल

या वेळी साठ उंदीर. यंत्र दुसऱ्या खोलीत हलवलं. पिंजरे मिसळून लावले, मॅडमच्या कागदाप्रमाणे, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. प्रत्येक रंगाच्या निम्म्या उंदरांना मी रोज मांडीवर घ्यायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं. उरलेल्यांना फक्त पिंजरा बदलताना हात लावायचा. कोणाला घ्यायचं ती यादी चिठ्ठ्या टाकून केली.

घ्यायचं ते सोपं आहे. न घेणं जड जातं.

गुरुवार, १८ एप्रिल

बावीस नंबरला घ्यायचं नाही. आज पिंजरा उघडला तर तो दोन पायांवर उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. मी झाकण लावलं. मॅडमनी बघितलं.

म्हणाल्या, "अवघड आहे ना?"

मी म्हणालो, "तुमच्यापेक्षा नाही." त्यांना कळलं नसावं. मलाही नीट सांगता आलं नसतं. हाती आलेलं यश स्वतःच्या हाताने परत ठेवणं मी आधी कोणाला करताना बघितलं नव्हतं. लहानपणी कीर्तनात अशा माणसांबद्दल ऐकलं होतं. ती इतक्या जवळ, पाठीला पट्टा बांधून, वजनकाट्यासमोर उभी असतील असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, ७ मे

लिफाफा. या वेळी केक नव्हता.

दार बंद करणारं औषध दिलेले, न धरलेले: काहीच शिकले नाहीत. तेच औषध दिलेले पण धरलेले: थोडंसं शिकले. त्यासोबत नवं औषधही दिलेले, न धरलेले: तेही थोडंसंच. नवं औषध दिलेले आणि धरलेले: पूर्वीच्या पिवळ्यांसारखे. मिठाच्या पाण्याच्या उंदरांत फारसा फरक नाही, ते तसेही शिकतातच.

रसायनवाले सर आकड्यांवर वाकून उभे होते. "म्हणजे माझं औषध अर्धंच चालतं."

"चालतं," मॅडम म्हणाल्या. "आता ते खात्रीने म्हणता येतं. मार्चमध्ये म्हणता येत नव्हतं."

ते माझ्याकडे वळले. "अर्ध्यात भागीदार झालात, काका." आणि हात पुढे केला. माझ्या हाताला भुसा होता. त्यांनी तसाच धरला.

शुक्रवार, २४ मे

आज मॅडमचं भाषण झालं. मला सभागृहात बसायला बोलावलं होतं. हिने शर्टाला इस्त्री करून दिली आणि बजावलं, मागे बसू नका. मी मागेच बसलो.

मॅडम पाऊण तास बोलल्या. चूक आधी सांगितली, सगळी, न झाकता, आणि मग पुढचं. माणसं पुढे सरकून ऐकत होती. पांढऱ्या दाढीचे एक पाहुणे पहिल्या रांगेत होते. फार मोठे शास्त्रज्ञ आहेत म्हणे. ते उठले.

"'उंदीर पाच मिनिटं मांडीवर धरला' असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे कोणाला हे करून बघायचं असेल तर धरला म्हणजे नक्की कसा?"

मॅडम म्हणाल्या, "ह्याचं उत्तर मला नीट देता येणार नाही. ज्यांनी धरले ते इथे आहेत."

सगळ्या माना मागे वळल्या. मी उठलो. पुढे कसा गेलो ते आठवत नाही. मॅडमनी खुर्ची ओढून दिली. या वेळी बसलो.

उंदीर नव्हता. रिकामे हातच पुढे केले. सांगितलं, शेपटीने उचलायचा नाही. उजवा हात असा पोटाखालून घालायचा, मागचे पाय तळव्यावर टेकले पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत. पाय टेकले नाहीत तर त्याला वाटतं आपण पडतोय. डावा हात वरून, पण दाबायचा नाही, नुसतं छप्पर. आणि बोट पाठीवरून फिरवायचं ते त्याने अंग सैल सोडल्यावर. आधी नाही. तोवर वाट बघायची.

"किती वेळ?" कोणीतरी विचारलं.

"तो सैल होईपर्यंत," मी म्हणालो. "त्याची घाई आपण करायची नाही."

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी पेन खिशात ठेवलं, दोन्ही हात पुढे करून माझ्यासारखे धरले, आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "डावा थोडा वर घ्या, साहेब. त्याला श्वास घेता आला पाहिजे."

त्यांनी घेतला.